तलावसंवर्धन, कोल्हापूर येथील

तलावातील पाणी, त्याचा तळ, त्याचा काठ आणि ज्या भूभागावरून पावसाचे पाणी वाहत येऊन तलावात साचते तो पाणलोट, या चारही घटकांचे रक्षण करून बिघडलेला तलाव शक्य तितका पूर्वस्थितीस आणण्याच्या उपायांना तलावसंवर्धन म्हणतात. व्यवहारात मात्र ही संज्ञा पुष्कळदा केवळ काठाच्या सुधारणेपुरती, म्हणजे भिंत, फिरण्याची वाट, बाग, दिवे आणि कारंजी एवढ्यापुरतीच वापरली जाते. तलाव बिघडतो तो मुख्यतः पाणलोटातून येणाऱ्या द्रव्यांमुळे, आणि शासनाचा पैसा बहुधा प्रथम काठावर खर्च होतो. या विसंगतीत गोड्या पाण्याच्या तलावांविषयीच्या शासकीय प्रयत्नांचे यशापयश बरेचसे सामावलेले आहे. कोल्हापूर शहर हे याचे बोलके उदाहरण होय. तळी बांधणे, पूजणे, वापरणे, बुजविणे आणि अखेर उरलेली वाचविण्यासाठी धडपडणे, या सर्व अवस्था या एकाच गावात पाहावयास मिळतात.

शहरातील तळी : पंचगंगेच्या उजव्या तीरावर वसलेले कोल्हापूर हे मुळात तळ्यांचे गाव होते. पश्चिमेस रंकाळा, पूर्वेस कोटितीर्थ, आणि या दोहोंच्या दरम्यान वरुणतीर्थ, कपिलतीर्थ, पद्माळा, सिद्धाळा, रावणेश्वर, खंबाळा, कुंभारतळे, साकोली, फिरंगाई अशी लहानमोठी तळी होती. त्यांतील काहींचा निर्देश तीर्थे म्हणून होत असे, तर काही केवळ पेठेच्या गरजेची होती. यांपैकी रंकाळा व कोटितीर्थ एवढेच दोन तलाव आज तलाव म्हणून ओळखता येतात. उरलेली बहुतेक तळी जागांच्या नावांत तेवढी शिल्लक आहेत. कपिलतीर्थाच्या जागी भाजी मंडई आली, वरुणतीर्थाचे गांधी मैदान झाले.

महालक्ष्मी मंदिराच्या दक्षिणेस पसरलेल्या मंगळवार पेठेच्या परिसरात हा बदल विशेष जाणवतो. खासबाग मैदान, साठमारी, मिरजकर तिकटी ही नावे कुस्ती व राजवैभव यांच्याशी निगडित असली, तरी हा भाग पाण्याचाही होता. रावणेश्वराचे देऊळ पूर्वी तळ्यात होते. ते तळे बुजवून त्या जागी पुढे शाहू स्टेडियम उभे राहिले. आज तेथे फुटबॉलच्या सामन्यांना लोटणाऱ्या गर्दीपैकी किती जणांना आपण तळ्याच्या तळाशी बसलो आहोत याची कल्पना असेल, हा प्रश्नच आहे. सिद्धाळा तळ्याचे नाव तेथील उद्यानाने टिकविले आहे.

तळी बुजविणे हे अनास्थेचे किंवा केवळ जागेच्या लोभाचे कृत्य होते असे मानणे बरोबर नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात व विसाव्या शतकाच्या आरंभी साचलेले पाणी म्हणजे रोगाचे माहेरघर, हा सार्वजनिक आरोग्याचा मान्य सिद्धांत होता. हिवतापाचा प्रसार डासांमुळे होतो हे रॉनल्ड रॉस यांनी १८९७ मध्ये दाखवून दिल्यावर त्यास आणखी बळकटी आली. कोल्हापूरची नगरपालिका १८५४ मध्ये स्थापन झाली होती. वस्तीतील गढूळ, घाण तळे बुजवून तेथे मैदान किंवा मंडई करणे ही त्या काळी पुढारलेल्या कारभाराची खूणच होती. याला दुसरेही एक कारण मिळाले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शहराच्या दक्षिणेस कात्यायनीच्या डोंगराकडून येणारे पाणी अडवून कळंबा तलाव बांधण्यात आला आणि त्याचे पाणी नळाने शहरात आले. पाणी नळाला आले, की दारच्या तळ्याची निगा राखण्याचे पेठेला कारण उरत नाही. ज्या तळ्यात एरवी कोणी खरकटे टाकू दिले नसते, त्यात काही वर्षांतच गटार सोडले जाते. आणि मग ते बुजविण्याची मागणी त्याच पेठेतून होते. हा क्रम कोल्हापूरपुरता नाही. महाराष्ट्रातील अनेक जुन्या गावांत तो याच पद्धतीने घडलेला आहे.

बुजविलेल्या तळ्याची जागा सखलच राहते. गांधी मैदानात पावसाळ्यात पाणी तुंबते व मैदानाचे तळे होते, ही शिवाजी पेठेतील रहिवाशांची नेहमीची तक्रार आहे. मैदानाला जमिनीच्या चढउताराची आठवण राहिली आहे, नगररचनेच्या नकाशाला राहिली नाही, एवढाच त्याचा अर्थ.

रंकाळा : कोल्हापूरच्या तलावांत विस्ताराने व कीर्तीने हा पहिला. त्याचे क्षेत्रफळ सु. १०७ हेक्टर असून घेर चार किमी.हून अधिक आहे. येथे पूर्वी दगडाची खाण होती व भूकंपामुळे ती खचून पाणी वर आले, अशी परंपरा सांगते. तलावाचे नाव रंकभैरवावरून पडले असे मानतात. काठावरील नंदी दररोज गव्हाएवढा पुढे व तांदळाएवढा मागे सरकतो आणि तो तलावापाशी पोहोचेल तेव्हा जगबुडी होईल, ही आख्यायिका कोल्हापुरातील लहान मुलालाही ठाऊक असते. पाण्यात अर्धा बुडालेला संध्यामठ, दगडी बांध व त्यावरील मनोरे, तसेच १९३१–३४ या काळात बांधलेला शालिनी राजवाडा यांमुळे तलावाला आजचे रूप प्राप्त झाले.

रंकाळा हा केवळ देखावा नव्हता. तो कामाचा तलाव होता. बांधाजवळ ‘धुण्याची चावी’ म्हणून ओळखली जाणारी जागा आहे. तेथे कपडे धुतले जात. ताजे, धारोष्ण दूध ही कोल्हापूरच्या तालमींची व पेठांची जुनी आवड, आणि त्यासाठी पाळलेल्या म्हशी धुण्यासाठी तलावावर येत. पोहणाऱ्यांची व मासे धरणाऱ्यांची ये-जा असेच. हा सर्व भार तलाव पिढ्यान्पिढ्या सोशीत होता. तो असह्य झाला, तो तलावाच्या पश्चिमेस व दक्षिणेस नव्या वसाहती उभ्या राहून त्यांचे सांडपाणी नाल्यांवाटे तलावात येऊ लागले तेव्हा. शाम सोसायटी, देशमुख हॉल, परताळा ही नावे या संदर्भात वारंवार येतात. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून उन्हाळ्यात पाणी हिरवे पडणे, दुर्गंधी, माशांची मर आणि केंदाळाने पृष्ठभाग झाकला जाणे हे प्रकार पुनःपुन्हा घडू लागले.

बिघाडाची प्रक्रिया : तलाव हिरवा होण्याचे मूळ कारण पोषक द्रव्यांचे आधिक्य हे होय, यास अतिपोषण म्हणतात [⟶ जलप्रदूषण]. शैवलांच्या वाढीस कार्बन, नायट्रोजन व फॉस्फरस ही मूलद्रव्ये प्रामुख्याने लागतात. यांपैकी पहिली दोन हवेतूनही मिळू शकतात. फॉस्फरस मात्र बाहेरून, म्हणजे मलमूत्र, धुण्याची चूर्णे, खते व मातीची धूप यांतूनच येतो. म्हणून गोड्या पाण्यात शैवलांची वाढ बहुधा फॉस्फरसच्या प्रमाणावर अवलंबून असते. कॅनडातील २२६ क्रमांकाच्या प्रायोगिक तलावात डेव्हिड शिंडलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये मधोमध पडदा बांधून याची परीक्षा केली. एका भागात कार्बन व नायट्रोजन, तर दुसऱ्या भागात या दोहोंबरोबर फॉस्फरसही घालण्यात आला. दुसरा भाग काही आठवड्यांत हिरवा झाला, पहिला स्वच्छ राहिला. विमानातून घेतलेल्या त्या तलावाच्या छायाचित्राने कायदे करणाऱ्यांची जितकी खात्री पटविली, तितकी अनेक अहवालांनी पटली नसती.

एक किलो फॉस्फरसवर सु. ५०० किलो ओली शैवले वाढू शकतात, असा ढोबळ हिशेब मांडतात. ही शैवले दिवसा ऑक्सिजन सोडतात, परंतु रात्री तो वापरतात. आणि मेल्यावर कुजताना तर तळाकडचा ऑक्सिजन पार संपवितात. मेलेले मासे बहुधा पहाटे तरंगताना दिसतात, ते यामुळेच. ऑक्सिजन संपलेल्या तळातील गाळातून पूर्वी साठलेला फॉस्फरस पुन्हा पाण्यात मिसळू लागतो. त्यामुळे नाले बंद केल्यानंतरही काही वर्षे तलाव सुधारत नाही, असा अनुभव येतो. या अवधीत लोकांचा व शासनाचाही धीर सुटतो आणि केलेले योग्य काम निष्फळ ठरले असे समजले जाते.

केंदाळ किंवा जलपर्णी ही मूळची दक्षिण अमेरिकेतील वनस्पती असून अनुकूल परिस्थितीत तिचा विस्तार सु. दोन आठवड्यांत दुप्पट होतो. ती रोगाचे कारण नव्हे, लक्षण होय. ती काढून टाकल्याने तिच्या अंगात साठलेली पोषक द्रव्ये तलावाबाहेर जातात, हा खरा लाभ. परंतु काढलेला ढीग काठावरच कुजू दिला, तर पहिल्या पावसाबरोबर तीच द्रव्ये परत पाण्यात येतात. यंत्रे लावून हजारो गाड्या केंदाळ काढले अशी वार्ता वाचताना, ते नेऊन कोठे टाकले हे विचारणे म्हणूनच आवश्यक ठरते.

परदेशांतील अनुभव : अमेरिकेतील सीॲटल शहराजवळचा वॉशिंग्टन तलाव (सु. ८८ चौ. किमी.) हे यशाचे प्रसिद्ध उदाहरण आहे. भोवतालच्या नगरांची ११ शुद्धीकरण केंद्रे १९६० च्या सुमारास दररोज सु. ७.५ कोटी लिटर प्रक्रिया केलेले सांडपाणी त्यात सोडीत असत. पाणी प्रक्रिया केलेले होते, तरी त्यातील फॉस्फरस तसाच राहत होता. १९५५ मध्ये नील-हरित शैवलांची एक विशिष्ट जाती तेथे आढळताच वॉशिंग्टन विद्यापीठातील डब्ल्यू. टी. एडमंडसन यांनी पुढील अनर्थाची सूचना दिली. भोवतालच्या नगरांच्या मतदारांनी १९५८ मध्ये एकत्रित मलनिःसारण संस्थेस कौल दिला आणि १९६३ ते १९६८ या काळात सर्व सांडपाणी नळांनी समुद्राच्या बाजूस वळविण्यात आले. पाण्यात सोडलेली पांढरी तबकडी पूर्वी सु. एक मी. खोलीवर दिसेनाशी होई. सत्तरीच्या दशकात ती तीन मी.च्याही खाली दिसू लागली. गाळ उपसला नाही, औषध घातले नाही. येणारे बंद केले, एवढेच.

ईअरी सरोवराचा प्रश्न याहून अवघड होता, कारण त्याच्या काठी दोन देश होते. अमेरिकेची संयुक्त संस्थाने व कॅनडा यांनी १५ एप्रिल १९७२ रोजी पंचमहासरोवरांच्या जलगुणवत्तेविषयी करार केला व फॉस्फरसच्या आवकीवर मर्यादा घालण्याचे मान्य केले. सांडपाण्याची केंद्रे सुधारली, धुण्याच्या चूर्णांतील फॉस्फरस कमी झाला आणि ‘मेलेले’ म्हणून गणलेले सरोवर ऐंशीच्या दशकापर्यंत सुधारले. पुढे मात्र शेतजमिनीतून येणाऱ्या विद्राव्य फॉस्फरसमुळे शैवले परतली. ऑगस्ट २०१४ मध्ये टोलीडो शहराच्या सु. चार लाख लोकांना नळाचे पाणी पिऊ नये असे सांगावे लागले. नाला अडविता येतो, शेत अडविता येत नाही.

जपानमधील बीवा सरोवराची कथा कोल्हापूरकरांना अधिक जवळची वाटावी. तेथे १९७७ मध्ये पाण्यावर तांबूस थर आला, तेव्हा धुण्याच्या चूर्णाऐवजी साधा साबण वापरण्याची चळवळ गृहिणींनी चालविली. तिच्या जोरावर शिगा प्रांताने १९७९ मध्ये अतिपोषणप्रतिबंधक नियम संमत केला. जुलै १९८० पासून त्याच्या अंमलाने फॉस्फरसयुक्त चूर्णांची विक्री व वापर यांवर त्या प्रांतात बंदी आली. तलावाच्या आरोग्याचा निर्णय न्हाणीघरातील मोरीपाशी होतो, हे तेथील शासनाने ओळखले.

भारतातील कायदे व योजना : पाणी हा भारतीय संविधानानुसार मुख्यतः राज्यांच्या अधिकारातील विषय आहे. महाराष्ट्राने १९६९ मध्येच जलप्रदूषण प्रतिबंधाचा स्वतंत्र अधिनियम केला व त्यानुसार ७ सप्टेंबर १९७० रोजी राज्याचे प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन झाले. संसदेचा जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम १९७४ चा. तो महाराष्ट्राने १९८१ मध्ये स्वीकारला. कारखान्याविरुद्ध हे कायदे उपयोगी पडतात. तलावाच्या बाबतीत मात्र दूषित करणारी संस्था बहुधा नगरपालिका किंवा महानगरपालिका असते, आणि तलावाची राखणदारही तीच. या पेचावर कायद्याने समाधानकारक उत्तर दिलेले नाही.

पाणथळ जागांविषयीचा रामसर करार (१९७१) भारताने १९८२ मध्ये स्वीकारला. केंद्र शासनाची राष्ट्रीय तलाव संवर्धन योजना २००१ मध्ये सुरू झाली. साधारणतः १० हेक्टरांहून मोठ्या व तीन मी. खोल तलावांसाठी ती होती. खर्चाचा ७० टक्के भाग केंद्राने व ३० टक्के राज्याने उचलावा अशी वाटणी होती. सांडपाणी अडविणे व वळविणे, गाळ काढणे, जलपर्णीचे निर्मूलन, पाणलोटातील उपचार आणि काठाची सुधारणा ही तिची अंगे. महाराष्ट्रात मुंबईतील पवई, ठाण्यातील नऊ तलाव, सोलापूरचा सिद्धेश्वर तलाव, भिवंडीचा वऱ्हाळादेवी तलाव यांबरोबर कोल्हापूर जिल्ह्यातील दोन तलाव तीत आले : रंकाळा (मंजूर खर्च सु. ८.६५ कोटी रु.) व वडगाव येथील महालक्ष्मी तलाव (सु. १.८५ कोटी रु.). फेब्रुवारी २०१३ मध्ये ही योजना पाणथळ जागांच्या योजनेशी एकत्र करून जलीय परिसंस्थांच्या संवर्धनाची राष्ट्रीय योजना करण्यात आली.

या योजनेचा एक दोष प्रारंभापासून होता. बांधकामाला अनुदान मिळे; पुढील देखभाल मात्र राज्याने व स्थानिक संस्थेने करावयाची असे. पंप बसविण्यास पैसा आहे, परंतु तो चालविण्याच्या विजेस नाही, अशी स्थिती अनेक ठिकाणी उद्भवली. तलाव हा पुलासारखा एकदा बांधून मोकळे होण्याचा विषय नव्हे, हे लेखाशीर्षांच्या रचनेत बसत नाही.

रंकाळ्यावरील कामे : कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले, महानगरपालिका १९७२ च्या डिसेंबरात झाली, आणि तलावाची प्रत्यक्ष जबाबदारी तिच्याकडे आली. तलावात येणारे नाले काठाजवळ अडवून त्यांतील सांडपाणी नळाने दुधाळीच्या बाजूस नेणे, हे तिने केलेल्या कामांपैकी सर्वांत महत्त्वाचे. ते बागेसारखे दिसत नाही, त्याचे उद्‌घाटन थाटाने होत नाही. पण तलावाचे भवितव्य त्याच नळावर आहे. नळ तुंबला, किंवा पावसाळ्यात त्याच्या क्षमतेहून अधिक पाणी आले, की ते बांध ओलांडून पुन्हा तलावातच उतरते.

वळविलेले पाणी कोठे जाते, हा पुढचा प्रश्न. शहराचे उतार अखेर पंचगंगेकडेच आहेत. म्हणून तलावाची सुटका नदीच्या जिवावर होण्याचा धोका असतो. कसबा बावडा येथे प्रतिदिनी ७.६ कोटी लिटर क्षमतेचे शुद्धीकरण केंद्र २०१४ च्या सुमारास सुरू झाल्यावर व दुधाळी येथेही प्रक्रियेची सोय झाल्यावर हा धोका काहीसा कमी झाला. बावड्याच्या केंद्राचा हा आकडा वॉशिंग्टन तलावात एकेकाळी रोज पडणाऱ्या सांडपाण्याएवढाच आहे. तो तलाव रंकाळ्याच्या ऐंशीपटींहून मोठा असूनही तेवढ्याने बिघडला होता, हे ध्यानात घेतले म्हणजे रंकाळ्यात येणाऱ्या एखाद्या लहान नाल्यालाही क्षुल्लक म्हणता येत नाही.

केंदाळ काढणे, पाण्यात हवा खेळविणे, ढासळलेल्या दगडी भिंतींची दुरुस्ती व काठाचे सुशोभन ही कामे वेळोवेळी झाली आहेत. जुनी भिंत राखणे आवश्यकच आहे. परंतु काठाला सर्वत्र सिमेंटचा पट्टा घातला, तर लव्हाळे, पाणकणीस यांसारख्या काठच्या वनस्पती नाहीशा होतात. पाण्यातील पोषक द्रव्ये शोषून घेणारी व पक्ष्यांना आसरा देणारी ही वनस्पती जाणकाराला हवी असते. सुशोभनाच्या आराखड्यात तिची गणना सामान्यतः ‘झुडपे काढणे’ या सदरात होते.

मूर्तिविसर्जनाच्या बाबतीत कोल्हापूरची कामगिरी उल्लेखनीय आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने विसर्जनाविषयी २०१० मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या व २०२० मध्ये त्या सुधारल्या. मूर्तिदानाचा व निर्माल्य वेगळे गोळा करण्याचा प्रघात मात्र शहरात त्याआधीच पडू लागला होता. पुढे रंकाळ्याजवळच्या, पाण्याने भरलेल्या इराणी खणीकडे विसर्जन वळविण्यात आले. जुनी खाण या कामी आली, ही रंकाळ्याच्या उत्पत्तिकथेशी जुळणारी गोष्ट. खणीतील पाण्याची व तळाशी साचणाऱ्या मातीची, प्लॅस्टरची व रंगांची व्यवस्था हा प्रश्न त्यामुळे मिटला नाही. तो तलावाबाहेर गेला.

पाणथळ नियम व कळंबा : पाणथळ जागांच्या संरक्षणाचे पहिले नियम २०१० चे. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये उपग्रहचित्रांवरून नोंदलेल्या, २.२५ हेक्टरांहून मोठ्या २,०१,५०३ पाणथळ जागांना त्या नियमांच्या तत्त्वानुसार संरक्षण देण्याचा आदेश दिला. त्याच वर्षी आलेल्या नव्या नियमांनी राज्यांना पाणथळ प्राधिकरणे स्थापण्यास सांगितले. पण पिण्याच्या पाण्यासाठी किंवा सिंचनासाठी मुद्दाम बांधलेले मानवनिर्मित जलाशय व्याख्येतून वगळले. महाराष्ट्रासारख्या राज्यात, जेथे बहुतेक मोठे तलाव हे बांध घालूनच झालेले आहेत, या अपवादाची व्याप्ती मोठी आहे. खाणीतून व झऱ्यांतून बनलेला, तीर्थ म्हणून मान्यता पावलेला रंकाळा कदाचित नियमांच्या छत्राखाली येऊ शकेल. शहराची तहान भागविण्यासाठी हेतुपूर्वक बांधलेला कळंबा मात्र त्याच कारणाने बाहेर राहतो. कळंब्याच्या भोवती आता वस्ती वाढत आहे, आणि कात्यायनीच्या उतारांवरील बांधकामांचा परिणाम प्रथम तेथेच उमटणार आहे.